मोरागच्या टेबलावरचं मांजर

डायलिसिसचा पेशंट आठवड्यातून तीनदा येतो आणि दर वेळी चार तास खुर्चीत बसतो. मग किस्से साठणार नाहीत तर काय होणार! नॉटिंगहॅममधल्या आमच्या युनिटमध्ये नर्स म्हणून मला पंधरा वर्षं झाली, पण गेल्या वर्षीचे सगळे किस्से एकाच मांजराचे आहेत.

खिडकीजवळची खुर्ची मीराची. वय सव्वीस, जन्म इथलाच, त्यामुळे मराठी जरा मोडकं. ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव लागून तीन वर्षं झालेली. तिच्या मैत्रिणीनं जपानहून पंजा हलवणारं पांढरं लकी कॅट, म्हणजे नशीब आणणारं खेळण्यातलं मांजर, आणलं आणि मीरानं ते खिडकीत ठेवलं.

मी विचारलं, "काय गं, किडनी मागितलीस का त्याच्याकडे?"

"नाही मावशी, त्यासाठी कुणीतरी मरायला लागतो ना. मी फक्त म्हणते, फोन येईल तेव्हा माझा फोन चार्ज्ड असू दे!"

मग मी तिचं बीपी घेतलं.

*

शेजारच्या खुर्चीत मिस्टर हॅरिस, रिटायर्ड बस ड्रायव्हर. तेही यादीतच. ते दर वेळी मांजराला हात हलवून बाय-बाय करायचे.

"अहो, ते बाय-बाय नाही करत, बोलावतंय," मी म्हटलं. "जपानमध्ये असंच बोलावतात. आमच्याकडेसुद्धा!" आणि तळहात खाली करून त्यांना दाखवलं.

हॅरिस माझ्या हाताकडे बघत राहिले. "सिस्टर, अजून दोन तास बाकी आहेत आणि तुम्हीही मला घालवायला निघालात!"

*

मग हॅरिसनी फोनवर शोधून काढलं, की उजवा पंजा पैसा बोलावतो आणि डावा गिऱ्हाईक. आमच्या मांजराचा डावा वर! त्याच आठवड्यात युनिटमध्ये एकदम नवे पेशंट आले, एकही खुर्ची रिकामी राहिली नाही. आमचे कन्सल्टंट एवढे शिकलेले, पण म्हणाले, "त्याचं तोंड बाहेर करा बघू."

केलं. खिडकीबाहेर हॉस्पिटलचा कार पार्क आहे.

दुसऱ्या दिवशी तेच कन्सल्टंट धापा टाकत वीस मिनिटं उशिरा आले. पार्किंगला जागाच नव्हती!

*

मीराच्या आईला मांजर आडवं गेलं तर त्या अजून फुटपाथवर थांबतात. पण दसऱ्याला त्यांनी मीराच्या मशीनला मनोभावे नमस्कार केला आणि जाता जाता मांजराच्या कपाळाला ओलं कुंकू लावलं.

पाठोपाठ मोराग आली. मोराग आमची मेट्रन, ग्लासगोची, स्वच्छतेच्या बाबतीत सख्ख्या आईलाही सोडणार नाही अशी. तिनं तो लाल ठिपका बघितला आणि ओरडली, "ब्लड स्पिल! नोबडी मूव्ह!"

ग्लव्ह्ज आले, एप्रन आले, मांजर दोनदा पुसलं गेलं. मीराच्या आई मला हळूच म्हणाल्या, "चांगल्या आहेत हो बाई. अभिषेकच केला की!"

*

मांजर सोलरवर चालणारं. नॉटिंगहॅमचा नोव्हेंबर आला आणि पंजा थांबला.

"मावशी, माझा मांजर झोपला," मीरा म्हणाली. हसत म्हणाली, पण त्या दिवशी चार तास ती फोनचं चार्जिंगच तपासत बसली. त्यात मोरागनं तपासणी काढली. पंजाच्या सांध्यात धूळ बसते, तिथं पुसता येत नाही, सबब इन्फेक्शन रिस्क! मांजर उचलून ती ऑफिसात घेऊन गेली. मला इतका राग आला, की मी तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागले.

*

पुढच्याच मंगळवारी सकाळी मीराला फोन आला. किडनी मिळाली होती! तिचा फोन फुल चार्ज्ड होता.

दिवसभर युनिटमध्ये कुणाचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. बाहेर भर दुपारी अंधारून आलेलं. तीनच्या सुमाराला थिएटरमधून कळलं, ऑपरेशन झालं, किडनी चालू झाली. सांगायला मी मोरागच्या ऑफिसकडे पळाले आणि न ठोठावताच दार उघडलं.

टेबलावर मांजर. टेबल लॅम्प वाकवून थेट त्याच्या अंगावर धरलेला. पंजा जोरात हलत होता.

"किडनी चालू झाली," मी कसंबसं म्हटलं.

मोरागनं चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला.

मला वाटलं, आता झालं काम. मी लॅम्प बंद करायला हात पुढे केला.

"डोन्ट यू डेअर!" मोराग ओरडली. "मिस्टर हॅरिस इज स्टिल ऑन द लिस्ट!"