खारूताई आणि काकांचा प्रोग्राम

डबे भरून झाले होते. एक डोळा इस्त्रीवर, दुसरा दुधावर अशी माझी कसरत चालली होती. तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल असताना दार वाजवणारी आमच्या इमारतीत एकच, वरच्या मजल्यावरची खारूताई. सारखी तुरुतुरु जिना चढते-उतरते म्हणून सासूबाईंनी ठेवलेलं हे नाव ती मोठ्या लाडानं मिरवते.

"वहिनी, वर भिंतीला ड्रिल लावलंय हो. तुमच्या टेबलावर बसू?" लॅपटॉप छातीशी, केसांत खोचलेलं पेन आणि चेहरा पार उतरलेला. मी गॅस बंद केला.

अंधांसाठी बोलती पुस्तकं तयार करणाऱ्या ग्रंथालयात ती काम करते. लांबलचक ध्वनिमुद्रणाचे प्रकरणांप्रमाणे तुकडे पाडणारा तिथला प्रोग्राम एका काकांनी लिहिलेला. निवृत्त होताना काका तिला हाताला धरून सगळं शिकवून गेले, आणि तेव्हापासून हिच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी काका येतात. पुढे तिनं त्या प्रोग्रामसाठी एक रॅपर लिहिला. म्हणजे असा दुसरा प्रोग्राम, जो काकांचा प्रोग्राम सुरू करून देतो, तो काय काय बोलतो ते लॉगमध्ये टिपून ठेवतो आणि नीट संपला की नाही ते सांगतो.

"रॅपर आई, काकांचा प्रोग्राम तिचं लेकरू. चाइल्ड प्रोसेसच म्हणतात त्याला," तिनं ऐटीत समजावलं होतं.

"लेकरू कसलं? तुझ्याहून वयानं मोठं आहे ते!" इति सासूबाई.

तर जुन्या कॅसेटवरची पुस्तकं घ्यायला लागल्यापासून हे लेकरू अर्ध्यातच गप्प बसायला लागलं. लॉगही तिथंच तुटायचा. ग्रंथालयाच्या साहेबांनी काकांचा प्रोग्राम मोडीत काढायचं ठरवलं. आज दुपारी काकांना बोलावून तसं सांगणार होते.

खारूताई बराच वेळ स्क्रीनवर डोळे लावून बसली. मग रॅपर बाजूला ठेवून तिनं काकांचा प्रोग्राम नुसताच चालवला. तो शेवटपर्यंत गेला.

"अगं, मग झालंच की काम!" मी म्हटलं.

"झालं कसलं, वहिनी! चूक माझ्या रॅपरची आहे." तिनं कपाळावर हात मारला. "प्रोग्रामला बोलायला दोन नळ्या असतात. एकीतून साधं बोलणं, दुसरीतून तक्रारी. माझा रॅपर साधं बोलणं पूर्ण संपल्यावरच तक्रारींकडे वळतो. कॅसेटमध्ये खरखर फार, म्हणून तक्रारी फार. ती नळी तुंबली की काकांचा प्रोग्राम अडतो, ती रिकामी व्हायची वाट बघतो. आणि रॅपर त्याच्या पुढच्या शब्दाची वाट बघत बसतो."

"म्हणजे दोघं दारात उभे. आधी तुम्ही, आधी तुम्ही!"

"हो, आणि आत कोणीच जात नाही."

मटार सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या, "बोलू द्यायचं नाही आणि वर मुकं म्हणायचं. छान हो ही आई!"

ती हसली, पण डोळे भरलेच. मग भराभरा बोटं चालवून दोन्ही नळ्या एकाच वेळी ऐकायची सोय तिनं केली. पुन्हा चालवलं. लॉग भरू लागला. "खरखर फार. खरखर फार. पुन्हा खरखर!" ती मोठ्यानं वाचत होती. "बिचारा कधीपासून सांगतोय, वहिनी, आणि मी ऐकलंच नाही!"

शेवटच्या प्रकरणाचाही तुकडा नीट पडला. मला वाटलं, आता उड्या मारेल. पण ती फोनकडे बघत राहिली. नोकरीत ती अजून कायम झालेली नाही, आणि तो निर्णय साहेबांच्याच हातात आहे.

"नुसतं 'चालू झालं' म्हणून कळव ना," मी हळूच म्हटलं.

"मग दोष काकांच्याच माथी राहील. ते भांडणाऱ्यातले नाहीत हो. मान खाली घालून ऐकून घेतील आणि घरी जातील."

तिनं साहेबांचा नंबर काढला. फोन खाली ठेवला, पुन्हा उचलला. सासूबाईंनी मटाराचं ताट बाजूला सारलं.

"वहिनी," ती म्हणाली, "माझं बोलणं होईपर्यंत इथून उठू नका."