उदास अक्काच्या तोंडात पेढा

वाचनालयातल्या मित्रांनो, फलकावर लिहायची आज माझी पाळी आहे, आणि मला अजून किळस येतेय.

माझी थोरली अक्का कित्येक महिने उदास बसून असते. शाळेतल्या कविता आम्ही दोघं घडाघडा म्हणायचो. आता ती दुसऱ्या ओळीवरच अडते. काल धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, "रक्तात साखर फार वाढलीय, हिरड्यांना जुनी सूज आहे. शरीर असं आतून धुमसत राहिलं की मन आणि आठवण दोन्ही मंदावू शकतात. गोड बंद करा."

आज दुपारी भडगावहून तिची जाऊ आणि दीर आले, पेढ्यांचा पुडा घेऊन. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नाही ना!

नको नको म्हणेपर्यंत जावेनं पेढा तिच्या तोंडात कोंबला. "खाय अक्का, मन खुश हुई जाई."

"बठ्ठं नाटक शे," सगळं नाटकच आहे असं म्हणत दीर हसले.

मी पुडा त्यांच्या पिशवीत परत टाकला. दोघं रागावून निघून गेले.

अक्कानं हळूच विचारलं, "भाऊ, माले रोग शे का नाटक शे?"

"रोग शे, अक्का. त्याना इलाज बी शे."

तेव्हा कुठे ती रडली.

मित्रांनो, तापानं फणफणलेल्या माणसाला आपण नाटकी म्हणतो का?