मेणातले दात, मोबाइलमधले सर

"तुमची मिडलाइन डावीकडे गेली आहे," मोबाइलमधले सर म्हणाले. प्रज्ञाने मोबाइल प्लास्टरच्या पोत्याला टेकवून ठेवला होता. तिने मेणातले दात सरकवायला घेतले, तोवर रेंज गेली. सर तोंड उघडं ठेवून तसेच थांबले.

मिडलाइन म्हणजे समोरच्या दोन दातांमधली रेघ. ती नाकाखाली सरळ यावी लागते. मी चौथी नापास माणूस, पण मंगरूळपीरात दातांचा मेकॅनिक म्हणून उमर काढली. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, कवळी आम्ही बनवतो. आधी गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा. त्याला सेटिंग म्हणतात. ती बरोबर जमली की मग पक्कं मटेरियल.

ते लॉकडाऊनचे दिवस. दवाखाने बंद, म्हणून माझं टेबल रिकामं. प्रज्ञा आमच्या गल्लीतल्या एसटी कंडक्टरची मुलगी. डेंटल कॉलेज बंद पडलं म्हणून घरी आलेली. लेक्चर मोबाइलवर चालत. ते चालून जातं. पण हातकामाचं काय? कॉलेजने सांगितलं, पूर्ण कवळीची सेटिंग घरीच करा आणि फोटो पाठवा. त्यावर मार्क. मार्क कमी पडले तर परीक्षेला बसता येणार नाही.

बाप तिला घेऊन माझ्याकडे आला. "चाचा, पोरीचं वर्ष वाचवा."

"शिकवतो. करून देणार नाई."

"तेच म्हणतो ना मी."

तो तेच म्हणत नव्हता, हे मला नंतर कळलं.

आमच्या उस्तादाचा कायदा होता. एका मेणावर एकच हात. दोघांनी हात लावला की चावा खोटा बसतो, वरखालचे दात जुळत नाहीत, मग म्हातारा रोगी भाकर खाताना रडतो. म्हणून मी माझा प्लास्टरचा साचा वेगळा घेतला. मी एक दात लावायचा, तिने पाहून तिच्या साच्यावर लावायचा. तिची बोटं भाजली. दात कधी आत जाई, कधी बाहेर. रेंज आली की सर पुढच्या स्लाइडवर गेलेले असत. सर वाईट नव्हते. पण मेण गरम आहे की थंड, हे त्यांना काचेतून कसं कळणार?

फोटो पाठवायच्या दिवशी टेबलावर दोन सेटिंगा होत्या. माझी सरळ. तिची मिडलाइन अजून डावीकडेच. तिने मोबाइल हातात घेतला आणि माझ्या सेटिंगकडे पाहिलं.

"चाचा, याचाच फोटो काढू का?"

"काहून?"

"बाकीचे पोरं मेकॅनिककडून बनवूनच पाठवून राह्यले. तुमाले तर माह्या मेणाले हातबी लावा लागत नाई."

"तुयी पाठव."

"मी नापास होईन."

"मंग हो."

"तुमाले काय जाते हो?" ती म्हणाली आणि मोबाइल माझ्या साच्यावर धरला.

मेण काढायला आम्ही उकळतं पाणी वापरतो. केटली शेगडीवर होतीच. मी ती उचलली आणि माझ्या सेटिंगवर ओतली. मेण पातळ झालं, दात एकमेकांवर पडले. तिने तिच्याच कामाचा फोटो काढला आणि साचा तिथंच ठेवून निघून गेली.

मार्क कमी पडले. परीक्षा हुकली. मागे राहिलेल्यांची जी तुकडी सहा महिन्यांनी बसते, तिला ऑड बॅच म्हणतात. ती त्यात गेली. तिची आई माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"चाचा, गाड्या डेपोत उभ्या हायेत, पगार अर्धा येऊन राह्यला. एका फोटोनं तुमची कला आटली असती का?"

ती उंबऱ्यावरूनच परत गेली. कंडक्टर पुढे दुकानावरून जाताना मान वळवू लागला.

कॉलेज उघडल्यावर प्रज्ञा पास झाली. ज्यांनी दुसऱ्याच्या कामाचे फोटो पाठवले तेही झाले, तिच्या आधी. खोटं कशाला सांगू?

आता वाशीमला तिचा दवाखाना आहे. मागे कोर्टाच्या कामाला गेलो तेव्हा पाटी दिसली, वर चढलो. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हणालो, "कवळीचं काम असंल तर धाडत जाय."

"आमचं काम अकोल्याले जाते, चाचा. तिथं मोठी लॅब हाये."

"मंग सेटिंग कोण पायते?"

"मीच. ते फोटो पाठवतात, मी ओके करते."

मी पाणी संपवलं आणि उठलो. खाली बसस्टँडपर्यंत पायीच आलो.

शिकवायचं तर शिकवावं. शिकलेला माणूस आपल्याच दारी काम घेऊन येईल, हे धरून चालू नये. आणि माझा तो साचा आज पुन्हा समोर आला, तरी मी पाणी ओतीनच.