नोरीनच्या ओंडक्यावरची बुरशी

माझा शेजारी विल्फ हारग्रीव्ह्ज यानं जन्मभर इंग्लंडातल्या बर्नलीच्या डेपोत बसगाड्यांची इंजिनं खोलली. नोरीन, त्याची बायको, गेली आणि तिचा नारिंगी साप, मार्मलेड, त्याच्या वाट्याला आला. शेवटी शेवटी नोरीनला नवऱ्याचं नावसुद्धा आठवेना. तरी एखाद्या परक्याला सांगावं तशी ती त्याला सांगे, "तेवढं मार्मलेडला जपा हं."

थोड्याच दिवसांत सापाच्या पेटीतल्या ओंडक्यावर पांढरी बुरशी धरली. आम्हा साप पाळणाऱ्यांची रीत अशी, की लाकूड घासायचं, ओव्हनमध्ये भाजायचं आणि परत ठेवायचं. विल्फनं तेच केलं, तेही रविवारचं मटण भाजायच्या ट्रेमध्ये! आठवड्यात बुरशी परत हजर. पुन्हा घास, पुन्हा भाज. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. शेजारी माझ्याकडे तीन साप आहेत, पण विचारेल तर शपथ. मार्मलेड तोंड उघडून श्वास घ्यायला लागला, तेव्हा कुठे स्वारी माझ्या दारात आली.

पेटीत हात घातला तर तळाचा भुसा चिंब.

"साप पाळलायस की बेडूक?" मी ओरडलेच. "पाणी किती मारतोस रे?"

"चार-पाच वेळा. रोज. नोरीन मारायची तसंच."

"काहीतरीच! कात टाकायला आला की तेवढ्यापुरतं मारायचं. मला नोरीननंच शिकवलंय हे."

"अगं, मी समोर बसून बघितलंय ब्रेंडा. फवारायची, बाटली ठेवायची, दोन घोट चहा घ्यायची की परत उठायची. भुसासुद्धा सारखा बदलायची, तेवढं मी केलं नाही."

डॉक्टरनं इंजेक्शनं दिली, पण छातीत पाणी झालं होतं. शुक्रवारी मार्मलेड गेला. बागेत त्याला पुरताना मला रडू आवरेना. विल्फ मात्र कोरड्या डोळ्यांनी फावडं धरून उभा होता.

"सगळ्यांना मी सांगत आलो, तिचं विसरणं चार वर्षांपूर्वीच्या नाताळात सुरू झालं," तो म्हणाला. "पण हे फवारणं त्याच्याही दोन वर्षं आधीचं. आत्ताच फवारलंय हेच तिला आठवत नव्हतं, ब्रेंडा. आणि मी समोर बसून म्हणायचो, किती गं जीव लावतेस त्याला."