नाव निष्पन्न झाले नाही

त्या तपासाची आठवण आली की आजही माझं डोकं तापतं. बुलडाणा जिल्ह्यात तेव्हा जिकडेतिकडे बीटी कपाशी होती आणि तिच्या नावावर बोगस बियाणंही खपत होतं. एका वजनदार बियाणे विक्रेत्याबद्दल कुणीतरी कृषी खात्याला आणि वर्तमानपत्रांना निनावी ई-मेल पाठवत होतं. कारवाई विक्रेत्यावर व्हायला हवी होती. उलट फिर्याद त्यानंच आमच्या ठाण्यात दिली, बदनामीची आणि धमकीची.

सायबर शाखेचा माग देऊळघाटच्या एका संगणक शिक्षिकेपर्यंत गेला. मेल ज्या सर्व्हरमधून आले, तो तिनं परदेशी कंपनीकडून भाड्यानं घेतला होता. आमच्या पथकानं रिवाजाप्रमाणे पंचनामा करून तिच्या घरचा संगणक, मॉनिटर, माऊस, सगळं उचलून आणलं. सर्व्हर सातासमुद्रापार आणि मुद्देमालात माऊस.

महिला शिपायाला बसवून मी चौकशी सुरू केली. "मॅडम, मेल तुम्ही लिहिले?"

"नाही साहेब. ज्याले नाव न सांगता बोलाचं हाये, त्याले मी रस्ता देते. जगभर लोक आपल्या खुशीनं असे सर्व्हर चालवतात. निरोप दोन-तीन सर्व्हरमधून फिरून येते, म्हनून कोन बोलून राह्यलं, ते मले दिसत नाही."

"मग हीच कंपनी काऊन धरली?"

"माह्या पगारात बसनारी पाह्यजे होती. पन स्वस्त कंपन्या पहिली तक्रार आली का सर्व्हर बंद करतात. म्हनून मी सगळ्याइले आधीच काम सांगितलं, चालते का इचारलं. हिनंच हो म्हटलं."

आपला उद्योग घरमालकाला आधी सांगणारा भाडेकरू मला गुन्हेगारांत कधी भेटला नव्हता. शिवाय सर्व्हरच्या वेबपानावर तिनं स्वतःचं नावगाव टाकलं होतं. तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला, "अटक करा, लिहिणाऱ्याचं नाव काढा." मी म्हटलं, पुरावा मिळाला की करतो.

ती समोर बसलेली, संगणक सीलबंद, आणि ठाण्याच्याच मेलवर त्याच सर्व्हरमधून संदेश आला. विक्रेत्याच्या गोदामाचा पत्ता आणि नामांकित पाकिटांत साधी सरकी भरतानाचे फोटो. काढणारा आतलाच मजूर असणार, हे उघड होतं. शिक्षिकेला मी घरी पाठवलं आणि कृषी अधिकाऱ्यांना घेऊन छापा घातला. सगळा माल जागेवर सापडला.

कोठडीत विक्रेत्यानं एकच विचारलं, "साहेब, फोटो कोनं काढले, तेवढं सांगा." वरिष्ठांनीही फोनवर तेच विचारलं. वर, सर्व्हर बंद करायला लावा, असा हुकूम. शिक्षिका म्हणाली, "लेखी आदेश द्या, मंग पाहू." मीही वरिष्ठांकडे लेखी आदेशच मागितला. तो आला नाही.

अहवालात मी लिहिलं, मेल पाठवणाऱ्याचे नाव निष्पन्न झाले नाही, तपासाला त्याची गरजही नाही. शेवटचे शब्द खोडायला सांगितलं गेलं. मी खोडले नाहीत. बदली झाली, तीही घेतली.

ठाण्यात आलेलं नाव ठाण्यात राहत नाही, बाहेरच्या टपरीपर्यंत पोचतं, हे आमच्या खात्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माहीत असतं तरी मी नाव दिलं नसतं, असं आज छाती ठोकून म्हणतो. पण ते मला माहीतच नव्हतं, म्हणून तो माणूस वाचला.