घरोघरचं पाणी

बाबांचं हृदय अशक्त झालं होतं आणि भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी त्यांना दिवसाचं पाणी बांधून दिलं होतं. एक तांब्या. चहा त्यातच, वरणही त्यातच. जास्त झालं तर शरीराला ते बाहेर टाकता येणार नाही, रक्तातलं मीठ पातळ होईल, मेंदूला सूज येईल, असं मला बाजूला घेऊन बजावलं होतं. मी रोज सकाळी तांब्या भरून ठेवायचे. पण धाकट्या भावाचं लग्न निघालं, आणि आमच्या आसगावातल्या पत्रिका आपणच वाटणार म्हणून बाबा हटून बसले.

आमच्याकडे पाहुणा टेकला की आधी पाणी येतं. मी सोबत होतेच. गावातल्या एका घरी डोळे वटारले, दुसऱ्या घरी कोपर मारलं. बाबा माझ्याकडे बघतील तर शपथ! गिलास दोन्ही हातांनी घ्यायचे, तळ दिसेपर्यंत प्यायचे, वर "थंडगार हाये जी!" अशी पावतीही द्यायचे. आमच्या बौद्ध वस्तीत मात्र "आता नोको, पोट भरलं" म्हणून मोकळे. तिथे बरं जमायचं! माझं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दुपारी परतताना त्यांना उलटी झाली. झाडाखाली बसवलं तर माझ्याकडे टक लावून बघत म्हणाले, "बाई, तुमी कोनाच्या?"

मला रडू आवरेना. तसंच ऑटोत घालून भंडाऱ्याला आणलं, भरती केलं. आणि नातेवाईक काय म्हणतात? "पानी पेऊन कोनी आजारी पडते का? ऊन लागलं असन. पाज त्याले पानी." आत्या तर नारळपाणीच घेऊन हजर. डॉक्टर कंठशोष करून गेले तरी तिचा हात पिशवीतच.

बाबा भानावर आले, मला ओळखू लागले, तशी मी भडकले. "मराचं हाये का तुमाले? आपल्या वस्तीत नाई म्हनता येते, तिकडं गावात काहून नाई येत?"

ते म्हणाले, "त्याच घरायनं माह्या बापाले वरून ओंजळीत पानी टाकलं. ओट्यावर चढू नाई देल्लं. आता त्यायची सून गिलास हातात देते. वापस करू?"

मला आणखीच राग आला. तेव्हा ज्यांनी धड पाणी दिलं नाही, त्यांचंच आता पिऊन मरायचं, हा कुठला न्याय?

घरी आल्यावर पुन्हा तेच. उरलेल्या पत्रिका बाबाच वाटणार. शेवटी तह झाला: गिलास बाबांनी घ्यायचा, ओठ लावायचे, बाकीचं मी प्यायचं. मी घरोघर पाणी पीत फिरले. पोट तुंबलं, जीव कासावीस झाला, आणि बाबा मजेत पत्रिकांवर नावं घालत होते.

शेवटचं घर गावातल्या मोठ्या धानवाल्याचं. सून पाणी घेऊन आली. बाबांनी ओठ लावले आणि गिलास माझ्याकडे दिला. मी अर्ध्यावर थांबले, खाली ठेवायला वाकले.

"ठेवू नोको," बाबा हळूच म्हणाले. "पुरा पे."

मी चडफडत सगळं प्यायले. मग बाबांनी रिकामा गिलास माझ्याकडून घेतला आणि स्वतः तिच्या हातात दिला.