हितेंद्र पालवच्या शुद्ध जातीच्या कोंबड्या

हितेंद्र पालव ह्या माणसाला मी गेली एकावन्न वर्षं बघतेय, म्हणजे तो जन्मल्यापासून, आणि एवढ्या वर्षांत त्याने एक काम धड केलेलं मला आठवत नाही. चिंचपोकळी स्टेशनमागच्या आमच्या चाळीत त्याची खोली माझ्या खोलीला लागून. मधली भिंत इतकी पातळ की तिकडे हा शिंकला की इकडून मी शिव्या घालते. नववीत शाळा सोडली. मग पुलाजवळच्या एका वर्कशॉपात पुठ्ठ्याची खोकी कापायच्या मशीनवर लागला. सव्वीस वर्षं मिठाईची नि साड्यांची खोकी कापली, आणि त्यातली मिठाई म्हणा, साडी म्हणा, घरात आणायचा योग काही आला नाही. तीन मुली बघायला गेला होता. तिन्ही वेळा त्याच्या आईनेच सगळं बोलून घेतलं आणि हा बशीतले पोहे मोजत बसला. सहा वर्षांपूर्वी मालकाने मशीन भिवंडीला नेलं आणि ह्याला इथेच ठेवलं.

तेव्हापासून साहेब मोकळे. कुठे मंडपात बांबू धर, कुठे वायरमनच्या मागे शिडी उचल, कुठे लग्नाच्या हॉलवर वाढपी. कुठेच टिकला नाही. कोणी ओरडलं की हा घरी. मी विचारायची, "काय रे, आज नाही गेलास?" तर म्हणायचा, "त्यांना माणूस नको होता, ताई." अरे, माणूस त्यांना हवा होता, तू नको होतास! पण हे त्याला सांगून उपयोग काय? मान हलवतो नि चहा पितो.

कोंबड्यांचं खूळ फोनमधून आलं. दिवसभर व्हिडिओ बघायचा, त्यातून कोल्हापूरकडचा कोणी तरी पिल्लंवाला ह्याला भेटला. त्याने रात्रीच्या बसमधून आंब्याच्या पेटीत पाच पिल्लं धाडली. दादरला जाऊन हा पेटी घेऊन आला ती छातीशी धरून, जसं काही तान्ह्या बाळाला दवाखान्यातून आणतोय. म्हणाला, "शुद्ध अमेरिकन जात आहे, ताई. निळी अंडी देतात."

"आणि दूध कुठल्या रंगाचं देतात?" मी विचारलं.

हसला. त्याला टोमणा कळत नाही, हीच तर पंचाईत.

चाळीच्या मागे, रेल्वेच्या भिंतीला लागून चार हात रुंद गल्ली आहे. तिथे त्याने जुन्या शटरच्या पट्ट्यांचं आणि जाळीचं खुराडं बांधलं. मी म्हटलं, आठ दिवसांत घुशी खातील. नाही खाल्ल्या. म्हटलं, पावसात मरतील. नाही मेल्या. त्यांना कणी, भाजीची देठं, शिंपल्यांचा चुरा असलं काय काय घालायचा, सकाळ-संध्याकाळ खुराडं धुवायचा. स्वतःची चादर महिना महिना न धुणारा माणूस! आता खरं सांगायचं तर कोंबड्या तुकतुकीत झाल्या होत्या. माझ्या बापाशीकडे मालवणात तीस-तीस कोंबड्या असायच्या, त्यामुळे तुकतुकीत कोंबडी मला कळते. पण मी त्याला तसं बोलले नाही. कशाला उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं?

सहा महिन्यांनी पहिलं अंडं झालं. खरंच निळं. आख्खी चाळ बघायला लोटली. मी ओल्या फडक्याने खसाखसा पुसून बघितलं, कारण बाजारात पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावठी म्हणून गळ्यात मारतात, ते मला चांगलं ठाऊक आहे. रंग काही सुटला नाही. मग दुसऱ्या कोंबडीनेही निळं घातलं, तिसरीने हिरवं, चौथीने फिक्कट गुलाबी आणि पाचवीने शेवाळ्याच्या रंगाचं. हितेंद्रने त्या तिघींची नावंच ठेवली, हिरवी, गुलाबी आणि शेवाळी. वाडग्यात पाचही अंडी मांडून फोटो काढला आणि फोनवरच्या कोंबडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. ह्या वयात माणसं नातवंडांचे फोटो टाकतात.

त्या फोटोवरून एक दिवस फोन आला. उर्वी तळपदे नावाची बाई. गिरगावातलं जुनं घराणं, अलिबागजवळ बागायत, तिथे हिने पाहुण्यांसाठी खोल्या काढलेल्या. कोंबड्या सांभाळायला तिथे राहणारा माणूस हवा होता. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, पगार. रविवारी दुपारी येते म्हणाली, तुमच्या सगळ्या कोंबड्या बघायच्यात.

हितेंद्र फोन हातात तसाच धरून माझ्या दारात आला. "ताई, नोकरी. कोंबड्यांचीच नोकरी. सहा वर्षं झाली गो."

त्याचा चेहरा बघून मला भरून आलं, हे मी आज सांगते. तेव्हा मी काय म्हटलं ठाऊक आहे? म्हटलं, "आधी तोंड धू. आणि सांग, जात शुद्ध आहे का म्हणून विचारलंन?"

"नाही. सगळ्या बघायच्यात एवढंच म्हणाल्या."

"बघायच्यात म्हणजे तपासायच्यात, गाढवा. ती तळपदे आहे. ह्या लोकांचा कुत्रासुद्धा कागदपत्रं घेऊन येतो. तुझ्या कोंबड्या शुद्ध आहेत कशावरून?"

त्याने फोन काढला. शुद्ध जात कशी ओळखायची ते त्यात सगळं होतं. मी म्हटलं, चल, आज निकाल लावू. गल्लीत पाटावर बसले, तो वाचत होता आणि मी एकेक कोंबडी काखेत धरून बघत होते.

"गालांवर पिसांचे कल्ले आणि हनुवटीला दाढी," तो वाचायचा.

"हिला आहे. हिला आहे. ह्या गुलाबीला नाही, सफाचट आहे. पुढे."

"तुरा बुटका, वाटाणे चिकटवल्यासारखा."

"ह्या शेवाळीचा बघ, करवतीसारखा उभा. आपल्या गावठीचा असतो तस्सा. पुढे."

"पाय पाटीच्या रंगाचे."

"आणि हिरवीचे? कावीळ झाल्यासारखे पिवळट हिरवे आहेत. दाढी आहे, तुरा बरोबर आहे, पण पायांनी घात केला. अंड्यांचं काय लिहिलंय?"

त्याने फोन पालथा केला. मी फोन ओढून घेतला. शुद्ध जातीचं अंडं निळंच. हिरवं, गुलाबी, शेवाळी घालणाऱ्या त्या सगळ्या मिसळीच्या. रंगीत अंड्यांची हौस म्हणून कोणाशीही कोणाचा जोड लावून काढलेल्या. पिल्लंवाल्याने ह्याला उल्लू बनवला होता.

"मी समजत होतो पाण्यामुळे रंग बदलत असेल," तो म्हणाला.

"तुका काय अक्कल आसा? कोंबडी जन्मभर एकाच रंगाचं अंडं घालते रे! पाचात तीन दोगल्या निघाल्या आणि तू गावभर शुद्ध शुद्ध म्हणून टेंभा मिरवतोयस. त्या बाईने ह्या तीन बघितल्या तर उरलेल्या दोन पण खोट्याच समजेल. नोकरी गेलीच म्हणून समज."

"मग काय करू?"

आता पाहुणी यायची ती आमच्याकडे, आणि तीही कामासाठी. आमच्यात अशा पाहुण्याला चहा-बिस्किटावर परत पाठवत नाहीत. कोंबडी-वडे झाले पाहिजेत. मी म्हटलं, "ह्यात विचार कसला करायचा? त्या तीन काप. बाईला दिसायला दोन शुद्ध, आणि जेवायला घरची कोंबडी. वाटण मी करते, वडे मी तळते."

तो बराच वेळ हिरवीच्या पाठीवरून हात फिरवत बसला. "अंडी देतायत गो त्या," एवढंच बोलला.

"नोकरी पाहिजे की अंडी पाहिजेत?"

रविवारी सकाळी त्याने तिघींना बाजाराच्या पिशव्यांत घातलं आणि नाक्यावरच्या चिकनवाल्याकडे नेलं. स्वतः कापणं सोडाच, ह्याच्याने झुरळही मारवत नाही. परत आला तेव्हा डोळे लाल. मला असा राग आला! पन्नाशी उलटलेला बाप्या, कोंबडीसाठी रडतो? "नाक पूस आणि खोबरं किसायला घे," म्हटलं. वर्षाच्या कोंबड्या, शिजायला वेळ घेतला, पण रस्सा असा उतरला की जिन्यापर्यंत वास. वड्याचं पीठ गावचं होतं. एकेक वडा टम्म फुगला. मी खूश होते. म्हटलं, ह्या नालायकाचं आपण आज कल्याण करून टाकलं.

उर्वी तळपदे एक वाजता आली. साधी सुती कुर्ती, पायात चप्पल, चाळिशीच्या आतबाहेरची. मला वाटलं होतं रुमाल नाकाला लावून येईल, तर तिने जिन्यातच विचारलं, "काकू, वडे ना?" आणि सरळ पाटावर बसली. आधी कोंबड्या दाखवू म्हणून हितेंद्र घुटमळत होता. ती म्हणाली, जेवून घेऊ, मग निवांत बघू. दोन वडे खाल्लेन. रस्सा मागून घेतलान. "आमच्याकडे आजी करायची, त्यानंतर असं आजच खातेय," म्हणाली. मी हितेंद्रला डोळ्याने खुणावलं, बघ.

हितेंद्रने घसा खाकरला. सकाळपासून घोकलेलं वाक्य होतं. "मॅडम, आपल्याकडे दोन कोंबड्या आहेत. दोन्ही एकदम शुद्ध. कल्ले, दाढी, पाय, सगळं बघून घ्या. अंडं फक्त निळं."

"दोन?" ती म्हणाली. डाव्या हाताने फोन काढून तिने तोच वाडग्याचा फोटो दाखवला. "ह्यात तर पाच अंडी आहेत, चार रंगांची. मी ह्यांच्यासाठीच आले. शुद्धवाल्या माझ्याकडे बारा आहेत, कागदपत्रांसकट. सगळी अंडी निळीच निळी. पाहुण्यांना टोपलीत रंग दिसायला हवेत, आणि ते मिक्स कोंबड्यांशिवाय मिळत नाहीत. मला तुमच्या मिक्स कोंबड्याच हव्यात, आणि त्या इतक्या छान सांभाळणारा माणूस हवाय. त्या हिरव्या आणि गुलाबी अंडंवाल्या कुठे ठेवल्यात?"

माझ्या हातातला झारा कढईवर तसाच राहिला. वडा तेलात काळा पडला तरी मला कळलं नाही.

हितेंद्रने तिच्या ताटाकडे बघितलं. मग खाली बघत म्हणाला, "मॅडम, त्या... आज जेवायला केल्या."

तिने हातातला घास ताटात ठेवला. "का?"

"मला वाटलं तुम्हाला शुद्धच पाहिजेत. मिक्स बघून तुम्ही नाही म्हणाल."

"असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी तिथेच उभी होते, चार पावलांवर. तोंड उघडायचं होतं मला. देवाशपथ, उघडायचं होतं. एवढी वर्षं ह्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही, आणि नेमकं त्या वेळी एक शब्द फुटला नाही.

"कोणी नाही," हितेंद्र म्हणाला. "माझंच डोकं."

बाई उठली, मोरीत हात धुतले. चिडली नाही. चिडली असती तर मी तरी भांडले असते. ती म्हणाली, "हितेंद्र, रंगांचं सोडा. पण अंडी देणाऱ्या तीन कोंबड्या तुम्ही एका फोनवर कापून टाकल्यात. मी तुमच्या हातात माझ्या बारा कशा देऊ?" त्याने मान हलवली, जणू तिचं म्हणणं त्याला पटलंच होतं. मला नमस्कार करून ती जिना उतरून गेली.

तो ताटं उचलायला लागला. तिच्या ताटातला रस्सा नीट वाटीत काढला, हाडं वेगळी केली. त्याने स्वतः एक घासही खाल्ला नव्हता. मला सहन होईना. मी त्याच्या हातातलं ताट हिसकावलं नि ओरडले, "मेल्या, माझं नाव का नाही घेतलंस? सांगायचं ना, ह्या बाईने कापायला लावल्या म्हणून! तुझं तोंड काय शिवलं होतं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. टोमणा नव्हता, राग नव्हता. त्याला ते जमतच नाही.

"तुझं काय चुकलं, ताई? तू बरोबरच सांगितलंस. त्या मिक्सच होत्या."

असं म्हणून त्याने कढईतला तो काळा वडा काढला आणि गॅस बंद केला. मी ताट हातात धरून उभी होते. मला त्याच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटत होतं, आणि दोन्हीतलं काहीच मी केलं नाही.